हेलसिंकीचे दहा गोल आणि अनवाणी पाय

15 जुलै 1952 रोजी हेलसिंकीच्या तोलो मैदानावर भारत आणि युगोस्लाव्हिया यांचा सामना सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला बर्नार्ड वुकासने पहिला गोल मारला. 17व्या आणि 23व्या मिनिटाला ब्रांको झेबेत्स. 32व्या आणि 44व्याला राइको मितिच. मध्यंतराला फळा पाच-शून्य. उत्तरार्धातही तेच चालू राहिलं, आणि 67व्या मिनिटापर्यंत आकडा नऊवर गेला होता. दहावा गोल 87व्या मिनिटाला, पुन्हा झेबेत्सचा, त्याचा त्या दिवशीचा चौथा. अगदी शेवटी, 89व्या मिनिटाला, अहमद खानने भारताचा एकुलता एक गोल केला. दहा-एक.

ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा 19 जुलैला होता. म्हणजे संचलन व्हायचं होतं, ज्योत पेटायची होती, आणि भारताचं फुटबॉल चार दिवस आधीच आटोपलं होतं. आणि हा कुणी लिंबूटिंबू संघ नव्हता. सव्वा वर्षापूर्वी दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेचं सुवर्णपदक याच संघाकडे होतं. आशियाचा विजेता युरोपात जातो आणि पहिल्याच सामन्यात दहा गोल खाऊन बाहेर पडतो, याचं काहीतरी कारण लोकांना सांगणं भाग होतं. कारण समोरच दिसत होतं. भारताचे बरेच खेळाडू त्या ओल्या, गार मैदानावर अनवाणी खेळले होते.

तेव्हापासून आजतागायत हेलसिंकी म्हटलं की अनवाणी पाय, हे समीकरण सुटलेलं नाही. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यावरच्या 2024 च्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटातही ते आहेच. समीकरण खोटं नाही, पण पायांवर जेवढं खापर फुटलं तेवढा त्यांचा दोष खचितच नव्हता. ते समजून घ्यायचं तर आधी ही अनवाणी खेळायची रीत मुळात आली कुठून, ते पाहायला हवं.

ती आली कलकत्त्याच्या मैदानातून. इंग्रजांच्या पलटणींनी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात फुटबॉल आणलं, 1888 मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला, 1891 मध्ये मुंबईला रोव्हर्स चषक, 1893 मध्ये कलकत्त्याला आयएफए शील्ड. या स्पर्धा गोऱ्या पलटणींसाठी होत्या. देशी पोरं कडेला उभी राहून बघत, मग स्वतः चेंडू लाथाडत, आणि अर्थातच बूट घालून नव्हे. त्या काळचा फुटबॉलचा बूट म्हणजे घोट्याच्या वर येणारं जाड कातडं, पुढे कडक टोपी, तळाला खिळ्यांनी ठोकलेले कातड्याचे स्टड. किंमत कारकुनाच्या पगाराला न झेपणारी, आणि पावसात भिजला की वजन दुप्पट. पण गरिबीची सबब इथेही पुरी पडत नाही. ज्यांना बूट परवडत होते त्यांतले कितीतरी जण आवडीने अनवाणी खेळत. उघड्या पायाला चेंडू कळतो असं ते मानत. अंगठ्याच्या आणि बोटांच्या आधाराने चेंडू ओढणं, वळवणं, दोन माणसांच्या मधून काढून नेणं, हे सगळं त्यांनी पायाच्या कातडीने शिकलेलं होतं. घोट्याला पट्टी बांधली की झाला खेळाडू तयार.

1911 मध्ये या रीतीला देशभर मान मिळाला. 29 जुलैला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन-एक असं हरवून शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. बूट फक्त डाव्या बाजूचा बचाव सांभाळणाऱ्या सुधीर चॅटर्जींच्या पायात. कप्तान शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. वंगभंगाच्या चळवळीनंतरचा तो काळ. साहेबाच्या बुटाला देशी अनवाणी पायाने हरवलं, ही गोष्ट वर्तमानपत्रांना आणि लोकांना किती भावली असेल ते सांगायला नको. पण त्याने एक घोटाळाही झाला. जी गोष्ट सोय होती ती अभिमानाची झाली. आणि अभिमानाची गोष्ट बदलायला कुणी सहजासहजी धजावत नाही.

बदलायला हवी होती, हे कलकत्त्यातल्याच काही लोकांनी ओळखलं होतं. कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. कोरड्या, टणक मैदानावर अनवाणी खेळाडू पलटणीच्या बुटवाल्यांना झुलवत, पण पाऊस पडून चिखल झाला की पाय घसरायचे आणि सगळी कसरत पाण्यात जायची. मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने यावर साधा उपाय केला. ओल्या मैदानासाठी हलके बूट, आणि बूट घालून खेळायचा सराव. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षं कलकत्त्याची लीग त्यांनी जिंकली. त्याआधी ती एकाही हिंदी संघाला जिंकता आली नव्हती. खेळाडू चांगले होते, देशाच्या कानाकोपऱ्यातून निवडून आणलेले होते, यात शंका नाही. पण चिखलाचा विचार करणारा क्लब म्हणूनही त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

याच मोहमेडनचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये ग्लासगोला गेला आणि सेल्टिक क्लबात चाचणीसाठी उभा राहिला. तो म्हणाला, मी अनवाणीच खेळणार. सेल्टिकने मान्य केलं. त्या वेळचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: सलीम बसलेला आहे आणि सेल्टिकचे जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायाला पट्ट्या गुंडाळताहेत. युरोपातल्या एका मोठ्या क्लबचा माणूस कलकत्त्याच्या खेळाडूचा पाय हातात घेऊन पट्टी बांधतो, 1936 मध्ये. सलीम दोन सामने खेळला, दोन्ही सेल्टिकने मोठ्या फरकाने जिंकले, स्कॉटिश वर्तमानपत्रांनी त्याच्या पायांतल्या जादूचं कौतुक केलं, आणि मग घरची ओढ लागून तो परत आला.

मुंबईकडे पाहिलं तर इथलं फुटबॉलही पावसाचंच. रोव्हर्स चषकाने पहिली कित्येक वर्षं हिंदी संघांना दारात उभं केलं नाही. 1923 मध्ये मोहन बागान इथे येऊन अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. पलटणींची मक्तेदारी मोडली ती 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्स या संघाने. पुढे कूपरेज मैदान आणि रोव्हर्स चषक हे देशातल्या प्रत्येक चांगल्या खेळाडूच्या हंगामातलं ठरलेलं मुक्कामाचं ठिकाण झालं. हेलसिंकीच्या गोष्टीत कूपरेज पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर वर्षभरात भारत पहिल्यांदा ऑलिम्पिक फुटबॉलला गेला. 1948, लंडन. कप्तान तालीमेरेन आओ, नागा टेकड्यांतून कलकत्त्याला डॉक्टरीच्या शिक्षणासाठी आलेला, मोहन बागानचा मधल्या फळीतला खेळाडू. उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा त्याच्याच हातात होता. प्रशिक्षक बलाईदास चॅटर्जी. 31 जुलैला लंडनच्या पूर्वेकडे इलफर्ड इथल्या क्रिकलफील्ड मैदानावर फ्रान्सशी गाठ पडली. सुमारे 17 हजार प्रेक्षक होते. संघातले बहुतेक जण अनवाणी, पायाला पट्ट्या बांधलेले.

फ्रान्सने 30व्या मिनिटाला गोल केला. भारताला पेनल्टी मिळाली, ती वाया गेली. 70व्या मिनिटाला सारंगपाणी रामनने बरोबरी साधली आणि प्रेक्षक भारताच्या बाजूने ओरडू लागले. आणखी एक पेनल्टी मिळाली. तीही गेली. शैलेन मन्ना आणि महावीर प्रसाद ही दोन नावं त्या चुकलेल्या पेनल्ट्यांशी कायमची जोडली गेली, बिचारे. 89व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारत पहिल्याच सामन्यात बाहेर पडला.

पण परतल्यावर स्वागत कौतुकानेच झालं. अनवाणी खेळून फ्रान्सला घाम फोडला, इंग्रज प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, दोन पेनल्ट्या चुकल्या नसत्या तर… हा ‘तर’ फार गोड होता. मन्नाची पोटरी लोखंडाची आहे की काय, हे बघायला खुद्द राजाने त्याला विजार वर करायला लावली, अशी आख्यायिका तेव्हा जी सुरू झाली ती आजही थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. या सगळ्या कौतुकात एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही: 70व्या मिनिटाला बरोबरीत असलेला संघ 89व्याला का हरला?

त्याचं एक उत्तर घड्याळात होतं. भारतातले सामने तेव्हा 90 मिनिटांचे नसत. 70 मिनिटांचा सामना ही सर्वसाधारण रीत, काही ठिकाणी त्याहूनही आखूड. वर्षभर सत्तर मिनिटं पळायची सवय असलेल्या माणसाला शेवटची वीस मिनिटं परक्या देशात, परक्या थंडीत काढायची वेळ येई. इलफर्डला पायांपेक्षा दम आणि पेनल्टीची नेमबाजी कमी पडली असं म्हणायला जागा आहे. पण कौतुकाने हरलेल्या संघाची चिरफाड करायची पद्धत आपल्याकडे तेव्हाही नव्हती.

दोन वर्षांनी विश्वचषक आला. ब्राझील, 1950. पात्रता गटातले बाकीचे आशियाई देश, ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स, एकामागून एक बाजूला झाले आणि भारताला चालून निमंत्रण आलं. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताचं नाव पडलं. भारत गेला नाही.

का गेला नाही, यावर घराघरात सांगितली जाणारी गोष्ट अशी की फिफाने अनवाणी खेळायला बंदी केली आणि बाणेदार भारतीयांनी बूट घालायला नकार दिला. गोष्ट छान आहे. पण ती खरी मानली तर हेलसिंकीचं काय करायचं? ऑलिम्पिकमधलं फुटबॉलही फिफाच्याच नियमांनी चालत होतं, आणि बंदी 1950 ची असेल तर 1952 मध्ये भारताचे खेळाडू अनवाणी मैदानात उतरलेच कसे? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वेळी पुढे केलेली कारणं रुक्ष होती: लांबचा समुद्रप्रवास, सरावाला वेळ नाही, खर्च. यातल्या खर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार होता. स्वतः शैलेन मन्ना पुढे अनेकदा सांगत की विश्वचषकाचं महत्त्वच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, सगळ्यांचा जीव ऑलिम्पिकमध्ये होता. म्हणजे अनवाणी पाय इथे महासंघाच्या कामाला आले. न जाण्याचा निर्णय कचेरीतल्या माणसांनी घेतला आणि बोल खेळाडूंच्या पायांना लागला.

त्या न जाण्याची किंमत हेलसिंकीत मोजावी लागली असं म्हटलं तर ते अगदीच ओढून ताणून होणार नाही. कारण युगोस्लाव्हिया 1950 मध्ये ब्राझीलला गेला होता. माराकाना मैदानात यजमानांशी खेळायच्या आधी बोगद्यातल्या लोखंडी तुळईवर मितिचचं डोकं आपटलं, जखमेला पट्टी बांधून तो उशिरा मैदानात आला, आणि युगोस्लाव्हिया दोन-शून्य हरला. त्याआधी लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक घेतलं होतं. साम्यवादी देशांतले खेळाडू कागदोपत्री हौशी, त्यामुळे देशाचा सगळ्यात भारी संघच ऑलिम्पिकला उतरत असे. हेलसिंकीत भारतासमोर उभे होते ते हे. भारताला हरवल्यावर पाचच दिवसांनी त्यांनी तांपेरेत सोव्हिएत संघाशी पाच-पाच अशी बरोबरी केली, फेरसामन्यात सोव्हिएतना तीन-एक असं घरी पाठवलं, आणि अंतिम सामन्यात पुश्काशच्या हंगेरीकडून दोन-शून्य हरले. या स्पर्धेत त्यांच्यासमोर टिकाव धरणारे संघ फारच थोडे होते.

हे प्रतिस्पर्ध्याचं झालं. आपलं काय चुकलं? दमाचं कारण इथे लागू पडत नाही. गोलांची मिनिटं पुन्हा पाहा. दहापैकी नऊ गोल 67व्या मिनिटाच्या आत झाले आहेत, आपल्या नेहमीच्या सामन्याच्या वेळेत. शेवटच्या वीस मिनिटांत युगोस्लाव्हियाला एकच गोल करता आला आणि भारतालाही एक. संघ दमून हरला नाही, पहिल्या मिनिटापासून हरत होता.

दोष होता मांडणीत. भारत तेव्हा जुन्या पद्धतीने खेळत असे: मागे दोन बचावपटू, मध्ये तिघे, पुढे पाच. पाच जण पुढे म्हणजे पाहायला बहार, आणि आशियातल्या इतर संघांसमोर ते चालूनही गेलं. दिल्लीत 1951 च्या अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या गोलवर इराणला एक-शून्य हरवलं तेव्हा राष्ट्रपती आणि पंतप्रधान प्रेक्षकांत होते. युरोपने मात्र 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यापासून मधला एक खेळाडू मागे ओढून तिसरा बचावपटू केला होता. प्रतिस्पर्ध्याचा मधला आघाडीवीर हा त्याचा माणूस. भारताकडे हा तिसरा माणूसच नव्हता. वुकास, मितिच, झेबेत्स एकमेकांच्या जागा बदलत मधून घुसू लागले की दोन बचावपटूंनी कुणाकुणाला धरायचं? अशा वेळी पायात बूट असते तर घसरणं कमी झालं असतं, मार कमी बसला असता. दहाऐवजी सहा-सात झाले असते, फार तर.

आणि तरीही बूट हा मुद्दा सोडून देता येत नाही, कारण त्याच हेलसिंकीत एका मराठी माणसाने त्याच्या जवळपासचा प्रश्न सोडवून दाखवला होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत वाढलेले पैलवान. 1948 मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना जवळजवळ नवखे होते. मातीत पाय रोवायची सवय, मॅटवर पाय निसटतो. आखाड्यात कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, इथे गुण मोजले जातात. तरी सहावे आले. मग चार वर्षं त्यांनी तेच एक धरून ठेवलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, बाकीची रक्कम वर्गणीने जमली. 23 जुलैला खाशाबांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. लंडनला दोघेही गेले होते, पैलवानही आणि फुटबॉल संघही. पैलवानाला तिथे आपलं काय कमी आहे ते कळलं. फुटबॉल संघ टाळ्या घेऊन आला.

हेलसिंकीनंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळण्याची साठ-सत्तर वर्षांची रीत एका फर्मानाने बंद झाली. सगळ्यांना ते जमलं असं नाही. आयुष्यभर उघड्या पायाने चेंडू ओळखलेल्या खेळाडूला तिशीच्या आसपास बूट चढवायला सांगणं म्हणजे बासरीवाल्याला हातमोजे घालून वाजवायला सांगणं. पुढच्या पिढीने मात्र शाळेपासूनच बूट घातले, आणि पंधरा वर्षांत तर अनवाणी खेळणारा मोठ्या सामन्यात दिसेनासा झाला.

बूट आले म्हणून निकाल बदलले का? 1954 मध्ये मनिलाला दुसरी आशियाई क्रीडास्पर्धा झाली. भारत सुवर्णपदक राखायला गेला, बूट घालून. जपानला तीन-दोन हरवलं, मग इंडोनेशियाकडून चार-शून्य हार, आणि गटातूनच परत. या स्पर्धेची आठवण फारशी कुणी काढत नाही. साहजिक आहे, तिथे खापर फोडायला अनवाणी पाय नव्हते.

खरा बदल हैदराबादकडून आला. रहीम हे पेशाने शिक्षक, हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. 1951 चं सुवर्ण आणि 1952 ची धुलाई, दोन्ही त्यांच्याच देखरेखीखालची. हेलसिंकीहून त्यांनी आणलेला धडा बुटांपुरता नव्हता. तिसरा बचावपटू मागे घेणं, प्रत्येकाला त्याचा माणूस नेमून देणं, चेंडू फार वेळ पायात न ठेवता एका स्पर्शात पुढे ढकलणं, मोकळी जागा शोधून आधीच तिथे जाऊन उभं राहणं. या गोष्टी त्यांनी आधी आपल्या पोलीस संघात घोटल्या. आणि त्या घोटण्याचा जाहीर प्रयोग दरवर्षी कूपरेजला होई. 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. मुंबईच्या प्रेक्षकांनी बंगालच्या मोठमोठ्या क्लबांना या पोलिसांसमोर हात टेकताना पाहिलं. कलकत्त्यात खेळाडूच्या पायातली जादू पाहायला लोक येत. रहीमचा संघ मात्र चेंडू पायात ठेवायलाच तयार नसे.

1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकला संघ गेला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे भारत थेट उपउपांत्य फेरीत. 1 डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला चार-दोन असं हरवलं. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. नेव्हिल मूळचा बार्देशातल्या आसगावचा, खेळायचा मुंबईत, टाटा आणि कालटेक्स या संघांकडून. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि आसगावचा मुलगा भारताच्या जर्सीत गोल करत होता.

उपांत्य फेरीत समोर आला युगोस्लाव्हिया. हेलसिंकीनंतर चार वर्षांनी, तोच देश. मध्यंतराला शून्य-शून्य. 52व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे गेला. दहा-एकच्या आठवणीवर एवढा उतारा पुरेसा व्हावा, पण तो दोनच मिनिटं टिकला. 54व्या मिनिटाला बरोबरी, 57व्याला दुसरा, 65व्याला तिसरा, आणि 78व्या मिनिटाला चौथा, तो आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून. चार-एक. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून तीन-शून्य. भारत चौथा. नेव्हिलचे स्पर्धेत चार गोल झाले, तेवढेच बल्गेरियाच्या मिलानोव्हचे आणि युगोस्लाव्हियाच्या व्हेसेलिनोविचचे. सर्वाधिक गोलांचा मान तिघांत वाटला गेला.

आजवर ऑलिम्पिकमध्ये भारताची मजल एवढीच. पण चौथ्या क्रमांकापेक्षा उपांत्य सामन्यातली ती तेरा मिनिटं जास्त बोलकी आहेत. पाऊण तास युरोपच्या तगड्या संघाला रोखून धरायला रहीमनी शिकवलं होतं. पुढे गेल्यावर सामना कसा राखायचा, दबाव वाढला की खेळ कसा थंड करायचा, हे शिकायला असेच सामने वारंवार खेळावे लागतात. वर्षातून एकदा कूपरेज, एकदा कलकत्ता, एकदा दिल्ली, आणि चार वर्षांतून एकदा युरोपियन संघ, एवढ्या तालमीवर ते येणार नव्हतं. 1950 साली ब्राझीलचं जहाज चुकलं ते इथेही आठवावं लागतं. तिथे कदाचित पुन्हा दहा गोल खावे लागले असते. खाल्ले असते तर दोन वर्षं आधी डोळे उघडले असते, एवढंच.

1960 मध्ये रोमला भारत चौथ्यांदा ऑलिम्पिकला गेला. कप्तान पी. के. बॅनर्जी, सोबत तुळशीदास बलराम, चुनी गोस्वामी, पीटर थंगराज; नावं घेतली तर भारताचा आजवरचा सगळ्यात भारी संघ हाच असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सगळ्यांच्या पायात बूट. प्रशिक्षक रहीमच. गट अवघड: हंगेरी, फ्रान्स, पेरू. हंगेरीशी दोन-एक अशी हार, बलरामचा गोल. फ्रान्सविरुद्ध 71व्या मिनिटाला पीकेंनी गोल करून आघाडी मिळवून दिली. बारा वर्षांपूर्वी इलफर्डला ज्या मिनिटाच्या आसपास रामनने गोल केला होता, जवळजवळ तीच वेळ, तोच प्रतिस्पर्धी. 82व्या मिनिटाला फ्रान्सने बरोबरी केली. शेवटच्या सामन्यात पेरूकडून तीन-एक. तीन सामन्यांत एक बरोबरी, आणि गटातूनच परत.

दोन वर्षांनी जकार्तात याच खेळाडूंनी दक्षिण कोरियाला दोन-एक हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. पीके आणि जर्नेलसिंगचे गोल, आणि सबंध स्टेडियम भारताच्या विरोधात. रहीम तेव्हा कर्करोगाने खंगले होते. 11 जून 1963 ला ते गेले. भारताचा फुटबॉल संघ त्यानंतर एकदाही ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही. आणि देशातल्या लीगचे, चषकांचे सामने रोमनंतरही बरीच वर्षं 90 मिनिटांपेक्षा आखूडच खेळवले जात राहिले.